आजीचं विरजण आणि ठिकरीची चार घरं

आजी गेल्यावर तिचं एकच काम मी हट्टानं चालू ठेवलं होतं, रोज विरजण लावायचं. ते विरजण तिला लग्नात तिच्या आईनं दिलेलं. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी काढून ठेवायचं. ही साखळी कधी तुटली नव्हती. आणि एका सकाळी झाकण काढलं, तर भांड्यात दूधच. विरजणाची वाटीही रिकामी.

"आबा, दही लागलं नाही," मी रडवेली झाले.

आबा, म्हणजे माझे शास्त्रज्ञ आजोबा, भांडं बघून कपाळाला हात लावून बसले. "बयो, तू चुकून घेतलेलं हे भांडं माझ्या प्रयोगाचा नमुना. याला आतून चांदीच्या नॅनोकणांचा (केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एकाएवढ्या कणांचा) लेप आहे. तो जंतू मारतो. दही लावणारे जिवाणूही त्यात गेले. सुक्याबरोबर ओलंही जळतं."

हाच लेप गावाच्या पाण्याच्या दोन्ही टाक्यांना आतून द्यायचा होता. संध्याकाळच्या सभेत आबा 'हो' म्हणणार होते. आता मात्र ते खडू घेऊन अंगणात बसले आणि त्यांनी ठिकरीसारखी चार घरं आखली.

"लेप टिकेल की झिजून पाण्यात उतरेल, मला ठाऊक नाही. लोक लक्ष ठेवतील की विसरतील, तेही नाही. दोन प्रश्न, चार घरं. घाल लंगडी आणि दिसेल ते सांग."

"टिकला, लक्षही आहे. कुणी आजारी नाही." मी पुढे उडी मारली. "टिकला, पण विसरले. टाकी कोणी धूतच नाही. झिजला, पण लक्ष आहे. पाणी तपासून टाकी बंद केली." चौथ्या घरात माझा पाय टेकला. "झिजला आणि विसरले. ओढ्यातले, शेतातले चांगले जिवाणू मेले. पाला कुजत नाही. कुणाकडेच दही लागत नाही."

"यातलं खरं कोणतं होईल?" मी विचारलं.

"ते ओळखायचंच नाही," आबा म्हणाले. " चारही घरांत निभावेल असं आज काय करायचं, ते शोधायचं. याला परिदृश्य नियोजन (उद्याच्या अनेक शक्यता रचून आज ठरवणं) म्हणतात."

"पण आजीचं विरजण तर गेलं."

कुंपणापलीकडून रुक्साना चाची म्हणाल्या, "गेलं कुठं? परवा तुझ्याकडूनच नेलं की मी. घे." त्यांनी वाटी पुढे केली.

आबा त्या वाटीकडे बघतच राहिले. आजीची आठवण आली असणार, कारण त्यांनी चष्मा पुसला. सभेत ते म्हणाले, "एकाच टाकीला लेप द्या. तिचं पाणी दर महिन्याला तपासा. दुसरी आहे तशी राहू दे. एक वाटी शेजारी असावी."

दुसऱ्या दिवशी मातीच्या सटात दही लागलं, अगदी आजीच्या हातचं.

आता आबा नाहीत. त्या टाकीचं पाणी मी तपासते. लेप अजून टिकून आहे. आणि विरजण मागायला कुणी आलं, तर दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये म्हणतात, तरी मी वाटी रिकामी परत पाठवत नाही.