तड्याजवळचा अंगठा

आमची ओळख झाली ती एका गळक्या कपामुळे.

कपबशांच्या कारखान्यात मी पारखणीच्या टेबलावर बसते. कप उजेडात फिरवायचा, नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर बाद. त्या दिवशी एक अनोळखी माणूस माझ्या बादच्या टोपलीतला कप उचलून खुशाल चहा ओतून घेत होता.

"अहो, तो तडकलाय!"

"कुठे? मला तर काही दिसत—"

तोवर चहा शर्टावर.

"आता दिसलं?"

"आता भाजलं," म्हणाला आणि हसला. इतकं छान हसायची काही गरज नव्हती.

तो कॅमेरेवाला निघाला. यंत्राला तडा ओळखायला शिकवणार होता. "नियम सांगायचे नसतात," त्याने मला समजावलं. "नुसतं दाखवत राहायचं, हा चांगला, हा बाद. हजारो फोटो पाहिले की फरक त्याचा तोच शोधतं."

"आणि दाखवणार कोण?"

"तुम्ही. मला कुठे दिसतो तडा!"

दीड महिना मी कप दाखवत होते, तो फोटो काढत होता. मधूनच कॅमेऱ्यावरून माझ्याकडे बघायचा... मी टिचकी मारायला विसरायचे. मला इथे कामाला लावणारी मावशी बजावायची, "स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस, बाई." खरंच होतं. चाचणीत यंत्र पास झालं, की पारखणीचं टेबल बंद, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी मी रोज केस दोनदा विंचरून जात होते. काय करणार!

चाचणीच्या दिवशी मालक चारला येणार होते. तीनच्या सुमारास तो पाणी प्यायला गेला आणि मी सहज एक चांगला कप कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावर लाल अक्षरं — बाद. खाली ठेवला, तर हिरवी. मग तडकलेला कप ठेवून हात बाजूला घेतला. हिरवी!

बाद कपांच्या प्रत्येक फोटोत तडा दाखवायला मी अंगठा टेकवला होता. चांगले कप नुसते ठेवले होते. यंत्र तडा शिकलंच नव्हतं, माझा अंगठा शिकलं होतं!

गप्प बसले तर माझं टेबल वाचणार होतं. पण मालकांसमोर त्याची फजिती... नाही, मला ती बघवली नसती. तो आला तसं मी सगळं करून दाखवलं. त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"बोलला नसतात तर तुमचं काम टिकलं असतं."

"माहितेय."

"मग का—"

तेवढ्यात दारात मालक. "करा सुरू. बाई, कप दाखवा."

मी बाद कप हातात धरले आणि चांगले नुसते ठेवले, तर यंत्र एकही चूक करणार नव्हतं. हे आता त्यालाही ठाऊक होतं. मी कप उचलला. त्याची नजर माझ्या अंगठ्यावर.

"थांबा," तो म्हणाला. "यंत्र चुकीचं शिकलंय. चूक माझी. सगळे फोटो पुन्हा काढावे लागतील."

"किती दिवस?"

"दोन महिने. आणि नवी नक्षी आली की पुन्हा. तुम्ही टेबल बंद केलंत, तर यंत्राला शिकवायचं कुणी?"

मालकांच्या कपाळावर आठ्या. मी मनात दहापर्यंत मोजलं.

"राहू दे टेबल," ते गुरकावले. "पण पुन्हा चूक झाली, तर तुम्ही घरी!"

दार आपटलं.

"या वेळी फोटोत तुझा अंगठा नको हं," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तुझा'.

"मग कुठे ठेवू?"

त्याने तळहात टेबलावर उघडा ठेवला. मी त्यावर हळूच अंगठा टेकवला.

"बघ हं... मी अंगठा ठेवते तिथे तडा असतो."

"आहेच," तो म्हणाला. "चहा सांडला त्या दिवसापासून."