फळ्यावरचं शेवटचं वाक्य

इंग्रजी शिकवणाऱ्या बाई सकाळी इमारतीमागच्या बोळात मेलेल्या सापडल्या. गच्चीवरून पडल्या होत्या. वर त्यांच्या वर्गात, पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गिव्ह अप’.

त्याखाली तीन अर्थ आणि प्रत्येक अर्थापुढे इंग्रजीत एक वाक्य. सवय सोडणे: काकांनी सिगारेट सोडली. स्वाधीन होणे: चोर पोलिसांना शरण आला. हार मानणे: मी हार मानली, मला माफ करा. प्रत्येक ओळीतली काही अक्षरं अर्धवट पुसली गेली होती.

“चिठ्ठीच म्हणा ना ही,” बाईंचे यजमान म्हणाले. क्लास त्यांच्या मालकीचा, सगळे त्यांना सर म्हणत. कॉलेजात जाणारी मुलगी त्यांना बिलगून उभी होती.

“माझा एकदाही विचार केला नाही आईने,” ती म्हणाली. “एवढी नकोशी होते मी?”

फौजदारांना आयतं ताटात वाढलेलं कधी पचत नसे. “काल वर्ग कोणी घेतला?”

“तिनेच. मी इकडे फिरकलोही नाही.”

“त्या वेगळा क्लास काढणार होत्या म्हणे?”

“खूळ होतं डोक्यात. पोरं सगळी तिच्यामागे गेली असती.”

सरांनी जबाबावर डाव्या हाताने सही केली. ओली शाई तळहाताच्या कडेने फासली गेली.

फौजदार मुलीकडे वळले. “आई कोणत्या हाताने लिहायची?”

“उजव्या.”

“आणि हे असलं शिकवायची कसं?”

“आधी नुसती वाक्यं लिहायची. अर्थ आम्हीच शोधायचा. आयता अर्थ दिला की पोरं डोकं चालवत नाहीत, म्हणायची. बाबांचं उलट, ते आधी अर्थ घोकून घेतात. त्यावरून रोज वाजायचं दोघांचं...”

मुलगी बोलता बोलता थांबली. ती फळ्याकडे बघत होती.

“बरोबर,” फौजदार म्हणाले. “इथे प्रत्येक वाक्याआधी अर्थ दिलाय. बाईंनी जन्मात कधी असं लिहिलं नाही. शिवाय लिहिणाऱ्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून गेलाय, आत्ता सहीवरून गेला तसा. उजव्या हाताने लिहिताना मागचं असं पुसलं जात नाही. सर, तुम्ही बाईंना गच्चीवरून ढकललंत आणि खाली येऊन त्यांच्या नावाने हा धडा लिहिलात. तोही तुमच्या पद्धतीने.”

सर फळ्याकडे वळले. “उभा केलेला क्लास मोडायला निघाली होती ती.”

हवालदाराने त्यांचा दंड धरला. मुलगी केव्हाच बाजूला सरकली होती.

“बाबा, सकाळपासून मी आईला दोष देतेय,” ती म्हणाली. “आणि तुम्ही देऊ दिलात.”