पंचविसावं काडतूस

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. मोबाईल खिशात, कान इकडे. आज जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात देव आहे, दारू आहे (बंदुकीची हो, दचकू नका!) आणि एका भल्या माणसाची अब्रू पणाला लागली आहे. लक्ष देऊन ऐकलंत तर अपराधी माझ्याआधी तुम्हीच पकडाल.

शनिवारी सकाळी कमलिनीची गाडी आखातातल्या रास अल खैमाला गुणवंतकाकांच्या दाराशी थांबली, तेव्हा काका उंबरठ्यावरच येरझारा घालत होते. कमलिनी म्हणजे अपघातांची खासगी चौकशी करणारी बाई. वय चाळीस, बोलणं थोडं, नजर सुईसारखी. काका सिरॅमिकच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कीर्तनवेडे. तिच्याबरोबर हिंडायचे, आणि डोळ्यांसमोरचं सोडून बाकी सगळं बघायचे.

"आधी देवाला नमस्कार कर, मग चहा, मग निघू," काका म्हणाले.

कमलिनीनं देव्हाऱ्यापुढे हात जोडले. समईशेजारी पितळी बुडाच्या एका लाल नळीत उदबत्ती धुपत होती. तिनं क्षणभर तिकडे पाहिलं आणि चहाला नको म्हणाली.

गाडीत काकांचा बांध फुटला. "अगं, वासुदेवला आत टाकतील! सव्वीस वर्षं त्या फार्मवर राबला. अठरा तारखेचं परतीचं तिकीट आहे, कायमचं. सावंतवाडीला बायको अंगण सारवून वाट बघतेय."

"घडलं काय ते क्रमानं सांगा."

"काल सकाळी यम्नाच्या हातात बंदूक फुटली. पहिल्याच बाराला! यम्ना म्हणजे फार्मची मालकीण. मातीच्या उडत्या चकत्या फोडण्यात पटाईत, पुढच्या महिन्यात अबू धाबीला स्पर्धा. आता डावा हात बँडेजमध्ये. आणि काडतुसं भरणारा वासुदेव. त्याच्याच राहत्या खोलीला लागून भरायची खोली आहे. यम्नाच्या नावावर रीतसर परवाना. सगळे म्हणतात, घरी भरलेल्या काडतुसांचाच दोष. तिचा भाऊ दुपारी चारला येतोय, तो सरळ पोलिसात देणार."

"तुम्ही तिथे होतात?"

"काल नाही, गुरुवारी संध्याकाळी होतो. वासुदेवला कीर्तनाला न्यायचं होतं. तिचा सराव संपेपर्यंत लांब वाळवंटातल्या गाफच्या झाडाखाली एकटाच चहा घेत बसलो, तर शेवटच्या बाराला एक रिकामं काडतूस उडत आलं ते टुप्पकन माझ्या कपात! पांढरा कुडता चहात न्हाला. साठ दिरहमचा कुडता, म्हणजे चौदाशे रुपये! कीर्तनाला उसना शर्ट घालून बसलो. लाजेनं कुणाला बोललोही नाही."

कमलिनीनं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "आणि ते काडतूस?"

"ते होय? धुऊन घेतलं. उदबत्तीला काय छान बसलंय!"

कमलिनी गालातल्या गालात हसली. काका परत कुडत्यावर घसरले.

*

वासुदेवची खोली देव्हाऱ्याइतकी स्वच्छ होती. टेबलावर भरायचं हातयंत्र, भिंतीशी छर्ऱ्यांच्या पिशव्या, आणि एका खोक्यात रिकामी काडतुसं ओळीनं उभी. वासुदेव स्टुलावर बसला होता. एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"काका, माझ्या हातून तिला लागलं असेल तर मी स्वतःच जातो तुरुंगात," तो म्हणाला. "तिला मी कडेवर खेळवलंय हो."

"लागलं असेल तर," कमलिनी म्हणाली. "आधी ते बघू. या बुडांवर आकडे कसले?"

"एक ते पंचवीस. एका फेरीला पंचवीस बार. भरताना प्रत्येकाला एकदा 'विठ्ठल' म्हणतो आणि बुडावर आकडा घालतो. यम्ना त्याच क्रमानं उडवते. कुठलं काडतूस कसं वागलं ते मला कळतं. ही बंदूक नखरेल आहे, ताई. सेमी-ऑटोमॅटिक. काडतुसाच्याच धक्क्यावर तिचं यंत्र चालतं. बार दमदार असला की रिकामं काडतूस उजवीकडे भिरकावते. नरम पडला की पोटातच धरून बसते, मग हातानं ओढून काढावं लागतं."

"गुरुवारची सगळी सापडली?"

वासुदेवची मान खाली गेली. "चोवीस. पंचविसावं नाही. वाळू चाळली. ते काडतुसांचे व्यापारी सिद्धार्थसाहेब म्हणतात, मीच लपवलं."

"बंदुकीची नळी तपासली होतीत?"

"गुरुवारी नाही. अंधारत आलं होतं, कीर्तनाची घाई. पुसून कपाटात ठेवली. पण काल साडेसहाला बाहेर काढली तेव्हा सूर्याकडे धरून पाहिलं. आरपार उजेड! यम्नाच्या वडिलांनीच ती सवय लावली. पण माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? मग बंदूक मैदानावरच्या लाकडी घोडीवर टेकवून ठेवली आणि काडतुसं आणायला इथे आलो. दहा-बारा मिनिटं लागली."

"आणखी काही वेगळं दिसलं?"

"क्षुल्लक आहे. नळी साफ करायची दांडी मी तीन तुकडे सोडवूनच पेटीत ठेवतो. काल अपघातानंतर पाहिली तर जोडलेली. मलाच वाटलं, म्हातारपण. विसरलो असेन."

काका कळवळून म्हणाले, "होतं असं. परवा मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता."

*

फार्मचा मॅनेजर सुजीत पुण्याचा, कानात सदैव इअरफोन. "मॅडम, मला बंदुकीतलं ढिम्म कळत नाही. हो, ती खोली मला गोडाऊनला हवी होती, वासुदेवशी वाजलंही होतं. कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडेच असते. पण काल सव्वासहापासून सातपर्यंत मी गेटवर. पाण्याचा टँकर आडवा अडकला होता. ड्रायव्हरला विचारा, त्याच्या शिव्या अजून कानात आहेत."

कमलिनीनं तिथूनच ड्रायव्हरला फोन लावला. तो अजूनही शिव्याच देत होता.

"घोडीपाशी तेव्हा कोण होतं?"

"सिद्धार्थ होता. नव्या मालाचा नमुना घेऊन आलेला. यम्ना मॅडम त्यांच्या पाळीव ससाण्याला खाऊ घालत होत्या, पलीकडे."

सिद्धार्थ व्हरांड्यात टेकून बसला होता. परदेशी काडतुसं आणून विकणारा व्यापारी, कडक इस्त्री, गोड बोलणं.

"वाईट वाटतं हो," तो म्हणाला. "पण दहा वेळा सांगितलं होतं, घरगुती माल हा घरगुतीच. कंपनीची काडतुसं घ्या, खलास! कटकटच नाही."

"नेमकं काय झालं असेल?" कमलिनीनं भोळ्या चेहऱ्यानं विचारलं.

"सोपं आहे. काडतुसात दारू आणि छर्ऱ्यांच्या मधे प्लॅस्टिकचा बोळा असतो. दारू कमी पडली की बार नरम, आणि बोळा नळीतच अडकतो. पुढचा बार त्यावर आदळला की नळी फाटते. गुरुवारचा शेवटचा बार तसाच होता. मी इथेच बसलो होतो, पाठ होती माझी, पण या कानांनी ऐकलं. धाड नाही, फुस्स! वासुदेवनं ते काडतूस गायब केलं, आणि काल फुटलेल्या नळीत त्याच्याच पिशवीतल्या बोळ्याचे तुकडे मिळाले. आणखी काय हवं?"

"तुम्हीही नेमबाज?"

"वडिलोपार्जित! पण आपली दुनळी. उघडा, हातानं काढा, हातानं भरा. ही ऑटोमॅटिकची थेरं मी कधी हातात धरली नाहीत."

बाहेर येताच काकांनी सुस्कारा सोडला. "पटण्यासारखं आहे गं. बिचारा वासुदेव."

"काका, सृष्टीला फोन करा," कमलिनी म्हणाली. "म्हणावं, देवापुढची उदबत्ती विझू दे, आणि ती लाल नळी घेऊन लगेच इकडे ये. बुडाला हात लावू नकोस."

"माझ्या सुनेला? उदबत्तीची नळी?"

"यल्ला, चला काका! साडेतीन वाजलेत."

*

चारला सगळे व्हरांड्यात जमले. यम्नाचा थोरला भाऊ हातात माळ फिरवत उभा. यम्ना आरामखुर्चीत, चेहरा पांढरा. वासुदेवच्या हाताखाली वाढलेली ती. हिंदी बोलता बोलता मराठीत शिरायची.

"चाचा, तुम बैठो ना," ती वासुदेवला म्हणाली. तो उभाच राहिला.

कीर्तनात पूर्वरंग संपून बुवा उत्तररंगाला उभे राहतात, तशी कमलिनी मधोमध उभी राहिली.

"यम्ना, गुरुवारचा शेवटचा बार आठवतो?"

"चकती फुटली. नंतर दूध प्यायला आत गेले. बंदूक चाचाकडे दिली."

"रिकामं काडतूस हातानं ओढून काढलंत?"

"नाही. का काढू?"

"बस. सिद्धार्थ, तुमची गोष्ट दुनळीत शोभली असती. दुनळीत बार नरम पडो की कडक, काडतूस माणूस हातानंच काढतो. पण ही बंदूक बाराच्या धक्क्यावर चालते. फुस्स झालं असतं तर काडतूस तिच्या पोटात राहिलं असतं."

"यम्नाला आठवत नसेल," सिद्धार्थ हसला. "आणि काडतूस कुठाय? वासुदेवनं लपवलंय ना!"

"वासुदेवनं नाही. गुणवंतकाकांनी."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "मी? देवाशप्पथ, मी कशाला..."

"गुरुवारी शेवटच्या बाराला तुमच्या चहात काय पडलं, काका?"

काकांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. तेवढ्यात धापा टाकत सृष्टी आली आणि पदराआडून लाल नळी पुढे केली. कमलिनीनं तिच्यातली राख झटकली आणि बूड यम्नाच्या भावासमोर धरलं. काजळी, चहाचा डाग, आणि त्याखाली वासुदेवच्या हातचा आकडा: २५.

"हे काडतूस बंदुकीनं स्वतः भिरकावलं, पार गाफच्या झाडापर्यंत. म्हणजे बार दमदार होता. चकतीही फुटली, म्हणजे छर्रे बाहेर गेले, आणि बोळाही. गुरुवारी नळी मोकळी होती. शुक्रवारी साडेसहाला वासुदेवनं नळीतून सूर्य पाहिला तेव्हाही मोकळी होती. आता त्याच्या शब्दाला या काडतुसाची साक्ष आहे. मग बोळा नळीत गेला तो त्यानंतर, हातानं. सरावात उडालेले वासुदेवचे बोळे वाळूत कुणालाही सापडतात. नळी साफ करायच्या दांडीनं. वासुदेव ती तुकडे करून ठेवतो. ज्यानं वापरली त्याला सोडवायला वेळ मिळाला नाही. सुजीत गेटवर होता, ड्रायव्हर साक्षीला आहे. यम्ना ससाण्यापाशी. वासुदेव खोलीत. घोडीपाशी एकच माणूस होता. आणि न झालेला 'फुस्स' ऐकणारा माणूसही तोच."

माळेचे मणी थांबले.

"हवेतल्या गोष्टी!" सिद्धार्थ ओरडला.

"असतील. ती दांडी मी मघाच कापडात गुंडाळून ठेवली आहे. बोटांचे ठसे पोलीस बघतील. तुम्ही तर ऑटोमॅटिकची थेरं कधी हातात धरली नाहीत, नाही का?"

सिद्धार्थ खाली बसला. "मला वाटलं, नळी नुसती फुगेल. बंदूक बिघडेल, वासुदेवचं भरणं बंद होईल, माझा माल लागेल. तिच्या हाताला... तसं नव्हतं मनात."

यम्नाचा भाऊ त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि त्यानं फोन काढला. मग वळून वासुदेवपाशी आला. उजवा हात छातीवर ठेवून मान झुकवली.

यम्ना रडत होती. "चाचा, काल मी नळीतून बघितलंच नाही. बाबांनी शिकवलेलं. तुम्ही बघता म्हणून मी बघणं सोडलं."

"आता दोघं बघू," वासुदेव म्हणाला, आणि मग त्यालाही हुंदका आवरेना. "अठरापर्यंत आहेच मी. सगळं शिकवून जातो."

काकांनी लाल नळी त्याच्यापुढे धरली. "घे बाबा तुझं पंचविसावं. चहाचा वास येईल जरा."

वासुदेवनं ती कपाळाला लावली आणि परत काकांच्या हातात दिली. "देवापुढेच असू दे. माझ्यापेक्षा चांगली बोलली ती."

"पण माझा कुडता?" काका पुटपुटले, आणि बँडेजचा हात छातीशी धरून यम्ना दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

अठरा तारखेला वासुदेव गेला. नळी अजून तिथेच आहे, समईशेजारी. तर मंडळी, सांगणाऱ्याला विसरलात तरी चालेल. पण उद्या सकाळी देवापुढे उदबत्ती लावाल तेव्हा, प्रत्येक काडतुसाला एकदा 'विठ्ठल' म्हणणाऱ्या त्या वासुदेवची तेवढी आठवण करा.