एक दुपट्टा, दोन टाक्या

मे महिन्यात दुपारी एक वाजता मौद्याच्या रस्त्यावर शहाण्या माणसानं नसावं. हिमानी होती.

कडुनिंबाखाली तिची सांबर उभी होती. सांबर म्हणजे लांबच्या प्रवासाची मोटरसायकल. आडवी झाली तर उचलायला दोन बाप्ये लागावेत एवढी जड. हिमानी एकटी उचलायची. नागपूरच्या धरमपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, आणि खेड्यापाड्यातली शिबिरं दुकानानं तिच्याच गळ्यात घातली होती. मौद्याचं शिबिर आटोपून ती निघाली, आणि गाव मागं पडलं न पडलं तोच गाडीनं दोन उचक्या दिल्या नि मान टाकली.

तिनं कोणाला फोन केला नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि न पिळता टाकीवर पसरला. सांबरचं दुखणं तिला पाठ होतं. टाकीच्या पोटात पेट्रोल पुढं ढकलणारा छोटा पंप असतो. ऊन चव्वेचाळीसवर गेलं की तो रुसतो. वीस मिनिटं ओलं फडकं ठेवायचं, मग किल्ली फिरवायची. लाडावलेल्या जावयाचे नखरे तरी काय वेगळे असतात.

तेवढ्यात मागून दुसरी सांबर आली. तिच्या पुढं गेली, जरा लांब जाऊन मंदावली, आणि आवाज बंद झाला. स्वार उतरला. एवढं धूड ढकलत मागं आला आणि तिच्या गाडीला लागून उभं केलं. हेल्मेट काढलं तर कपाळावर वळ, भुवयांत घाम, आणि डोळे मात्र असे थंड, जणू हा माणूस उन्हातून आलाच नव्हता.

"तुमची काहून थांबली?" त्यानं विचारलं.

"थांबली नाही. मी थांबवली."

त्यानं टाकीवरून निथळणाऱ्या दुपट्ट्याकडे पाहिलं. "हाव... अन् आता आंघोळ घालून राहिल्या तिले."

हिमानीला हसू आलं. तिनं ते गिळलं. "तुमची?"

"गेली. पंप, दुसरं काय."

"पाणी आहे जवळ?"

"होतं. पिऊन टाकलं."

तिनं दुपट्टा उचलला. चांगला अडीच मीटरचा होता. एक टोक स्वतःच्या टाकीवर ठेवलं, दुसरं त्याच्या टाकीवर टाकलं. मधला भाग दोन गाड्यांच्या मध्ये झोळीसारखा लोंबत राहिला, आणि त्यातून थेंब थेंब पाणी धुळीत पडू लागलं. दोघंही तिकडेच पाहत राहिले... दुसरीकडे पाहायचं म्हटलं तर एकमेकांकडेच पाहावं लागलं असतं.

रस्त्यापलीकडे उसाच्या रसाचं दुकान होतं. तो दोन ग्लास घेऊन आला. नाव दुर्गेश, पारशिवनीला ढोरांचा डॉक्टर. दिवसाला सात-आठ गावं फिरायची, आणि सुट्टी मिळाली की याच गाडीवर पचमढी, अमरकंटक.

"एवढी गाडी दगा देते तर घेतली काहून?" हिमानीनं विचारलं.

"फसलो. नेटवर सांबरवाल्यांचा एक फलक आहे. मालक लोक आपापले अनुभव लिहितात, किती चालली, कुठं बिघडली. माहीत असेल तुम्हाले."

"ऐकलं आहे," हिमानी म्हणाली.

"त्याच्यावर एक वाटसरू-एकतीस आहे. नागपूरचाच कोणी बाबा. दर महिन्याले लिहिते... चौतीस हजार किलोमीटर, एकही तक्रार नाही. त्याच्या भरवशावर घेतली मी. भेटला तर एकच विचारीन त्याले."

"काय?"

"का बाबा, तू राहतोस त्या गावात सूर्य उगवत नाही का?"

हिमानीनं ग्लास तोंडाला लावला आणि बर्फ संपला तरी खाली ठेवला नाही. वाटसरू-एकतीस तिच्यासमोर बसला असता तर बरं झालं असतं. तो तिच्याच कातड्यात बसला होता.

वीस मिनिटं झाली. तिची गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. दुर्गेशनं आपल्या टाकीवर हात ठेवला. "अजून गरम आहे."

तिला जाता आलं असतं. तिनं गाडी बंद केली. आणखी पाच मिनिटांनी त्यानं पुन्हा हात ठेवला. "गरम आहे..." असं तीनदा झालं. मग एकदाची त्याची गाडी चालू झाली. त्यानं घड्याळ पाहिलं.

"मौदा रोड, पंप, पस्तीस मिनिटं. आज फलकावर लिहीन. मी खरंच लिहितो," तो म्हणाला, आणि तिचा नंबर मागितला. पंपाचं काही विचारायचं झालं तर, असं कारण दिलं. तिनं दिला. कारण तिनंही विचारलं नाही.

आता ही पोरगी खोटं काहून लिहीत होती, तर आईसाठी.

दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून तिनं ही गाडी घेतली तेव्हा सिंधूताईंनी चार नातेवाइकांसमोर अट घातली होती. "रस्त्यात गाडी बंद पडली अन् परक्या माणसानं तुले घरी आणून सोडलं, त्या दिवशी किल्ली माह्या हातात." सिंधूताई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण शब्दाच्या पक्क्या. नवऱ्यामागं दोन लेकरं वाढवताना त्यांनी कोणाचं ऐकलं नव्हतं, आणि ते त्या अभिमानानं सांगत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या धाकट्या विक्कीला म्हणायच्या, "वाच रे, हिमानीच्या गाडीचं काय लिहिलं आहे." विक्की मोबाइलवरून वाचायचा. चौतीस हजार, तक्रार नाही. सिंधूताई समाधानानं मान हलवायच्या. हिमानीला ऑक्टोबरात एकटीनं कच्छपर्यंत जायचं होतं. ते त्या मान हलण्यावर टेकलेलं होतं. गाडी बंद पडते म्हणून आईला कळलं तर कच्छ गेलं, गाडी गेली, आणि पुढच्या आठवड्यात चहापोहे हजर. एका घराला ऐकवण्यासाठी लिहिलेलं अख्खं गाव वाचतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दहा दिवसांनी दुर्गेश धरमपेठेच्या दुकानात आला. डोळे तपासायचे आहेत म्हणाला.

अंधाऱ्या खोलीत तिनं त्याच्या नाकावर जड चौकट बसवली, एका डोळ्यावर झाकण घातलं. "खालची ओळ वाचा."

त्यानं घडाघडा वाचली.

"त्याच्या खालची."

तीही वाचली. तळाला छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"डोळे चांगले आहेत तुमचे. उगाच आले."

"उगाच नाही आलो," तो चौकटीतूनच म्हणाला. "दुसराही तपासा. वेळ आहे मले."

तिनं भिंग बदललं. तिची बोटं त्याच्या कानशिलाला लागली... तिनं ती चटकन काढली नाहीत, एवढंच. "हे स्पष्ट, की हे?"

"दोन्हीत तुम्हीच दिसता."

"भिंगाबद्दल विचारलं मी."

"मी भिंगाबद्दलच सांगून राहिलो." त्याचा आवाज बदलला नाही, पण हसू उतरलं. "काल पुन्हा बंद पडली. जंगलाकडच्या गावातून फोन होता. रंभाबाईची म्हैस अडली होती. पोटात पिल्लू आडवं. भर दुपार... मधातच पंप गेला. बाटलीतलं पाणी संपलं होतं, फडकं ओलं करायले थेंब नव्हता. चाळीस मिनिटं गेली. पोचलो तर वगार वाचली, म्हैस गेली."

हिमानीनं हातातलं भिंग पेटीत ठेवलं.

"म्हातारी काही बोलली नाही. मले पाणी दिलं तिनं. बोलली असती तर बरं वाटलं असतं. त्या वाटसरूनं एकदा, फक्त एकदा लिहिलं असतं का उन्हात थांबते, तर मी दुसरी गाडी घेतली असती."

तिनं चौकट उतरवली. त्याच्या नाकावर दोन लाल खुणा उमटल्या होत्या. "चष्मा लागत नाही तुम्हाला," ती म्हणाली. तो उठून गेला.

त्याच संध्याकाळी तिनं फलकावर लिहिलं. गाडी अकरा वेळा बंद पडली. जागा, तारीख, तापमान, किती मिनिटं, सगळं ओळीनं. ओल्या दुपट्ट्याची रीत लिहिली, जवळ कायम दोन लिटर पाणी ठेवा म्हणून लिहिलं. शेवटी लिहिलं, "आजपर्यंत मी घरच्यांच्या भीतीनं खोटं लिहीत होते. ते वाचून ज्यांनी गाडी घेतली त्यांचं नुकसान माझ्यामुळे झालं. पारशिवनीकडच्या रंभाबाईंचंही. मी हिमानी, वाटसरू-एकतीस." एकदा वाचलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्यांदा वाचलं असतं तर पाठवलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी पहिली तारीख होती. सिंधूताई गच्चीवर सोऱ्यानं कुरडया पाडत होत्या. विक्की वाचायला बसला. दोन ओळी वाचून तो थांबला आणि बहिणीकडे पाहू लागला.

"वाच ना," हिमानी म्हणाली.

त्यानं वाचलं. अकराच्या अकरा. सिंधूताईंचा हात चौथ्या नोंदीला थांबला, अकरावीपर्यंत थांबलाच होता.

"अकरा वेळा," त्या म्हणाल्या. "कोणी आणून सोडलं घरी?"

"कोणी नाही. दर वेळी मीच चालू केली."

"मंग अट नाही मोडली." हिमानीनं मान वर केली. "पण दोन वर्षं मले बसवून खोटं ऐकवलं वं तू. गाडीचं मले काय. मले खोट्याचा राग हाये. किल्ली ठेव इथं."

हिमानीनं किल्ली कुरडयांच्या प्लॅस्टिकवर ठेवली. सिंधूताईंनी ती पिठाच्या हातानंच उचलली, कमरेला खोचली, आणि पुढची कुरडई पाडली. गोल, नीट, पहिल्यासारखीच.

दुर्गेशचा फोन आला नाही. तीन दिवस हिमानी सिटी बसनं दुकानात गेली आणि लोकांना खालची ओळ वाचायला सांगत राहिली. फोन ती दर अर्ध्या तासानं उलटा करून ठेवायची, आणि दर पाच मिनिटांनी सुलटा. तिला वाटलं, संपलं. जे सुरूच झालं नव्हतं त्याचं संपणं एवढं कशाला लागावं, हे तिला कळेना.

चौथ्या दिवशी विक्की स्वयंपाकघरात आला. "आई, फलकावर ताईच्या खाली कोणीतरी लिहिलं आहे. वाचू?"

"वाच."

"नको वाचू," हिमानी म्हणाली.

"वाच," सिंधूताई म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला.

विक्की वाचू लागला. "मी पारशिवनीचा दुर्गेश. माझ्या नोंदींत मौदा रोडची एक नोंद आहे, पस्तीस मिनिटांची. ती खोटी आहे. त्या दिवशी माझी गाडी बंद पडली नव्हती, मीच किल्ली बंद केली. निंबाखाली टाकीवर दुपट्टा दिसला, आणि दुपट्ट्याजवळ उभं होतं तेही दिसलं. वाटसरूनं आपलं खरं लिहिलं, म्हणून मी माझं लिहितो. त्यांच्या अकरा नोंदी वाचून मला फार राग आला. तीन दिवस होता. चौथ्या दिवशी रागातही त्यांचीच आठवण येते असं दिसलं. म्हैस मी विसरणार नाही. ती पस्तीस मिनिटंही विसरता येत नाहीत. याला कोणाला बिघाड म्हणायचा असेल तर म्हणावा."

विक्कीनं घसा साफ केला. "खाली एकानं विचारलं आहे, दुपट्टा सुती पाहिजे का, कोणताही चालते."

हिमानी ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

"ढोरांचा डॉक्टर म्हणे," सिंधूताई म्हणाल्या. त्यांना हे कुठून कळलं, ते त्यांनी सांगितलं नाही. "लिही रे विक्की. रविवारी ये म्हणा. दुपारी एक वाजता, अन् गाडीनंच. उन्हातच पाहायचा हाये मले, गडी कसा अन् गाडी कशी."

रविवारी एक वाजला. सव्वा झाला. सिंधूताईंनी दोनदा घड्याळाकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं. हिमानीनं तिसऱ्यांदा ताटं पुसली. दीडला फाटकाशी सांबर थांबली. टाकीवर ओला गमछा, हँडलला बांधलेला पाण्याचा डबा.

हिमानी जिना उतरली. दुर्गेश हेल्मेट हातात घेऊन उभा होता.

"या वेळी खरीच बंद पडली," तो म्हणाला. "कन्हानच्या पुलाजवळ. तुम्ही लिहिलं तसंच केलं. वीस मिनिटांत चालू झाली."

"मी... मला म्हशीबद्दल तुमच्याशी समोर बोलायचं होतं. त्या दिवशी जमलं नाही."

"रंभाबाईशी बोला. तिनं बोलावलं आहे. वगार दाखवीन म्हणे त्या लिहिणाऱ्या पोरीले."

"मी येईन."

"बसनं?"

"किल्ली आईजवळ आहे."

"मंग माह्या मागं बसा. थांबली तर दुपट्टा तुमचा, पाणी माह्यं."

गमछ्याचं सुटलेलं टोक तिनं टाकीवर नीट केलं, आणि त्याच्या बोटाशेजारी तिचं बोट राहिलं.

मागं चपला वाजल्या. सिंधूताई खाली आल्या होत्या. त्यांनी पोराला वरपासून खालपर्यंत पाहिलं, घाई न करता. मग गाडीजवळ गेल्या, गमछा बाजूला सारला आणि टाकीवर तळहात ठेवला. कमरेची किल्ली टाकीला लागून वाजली.

टाकी माठासारखी गार होती.

"अजून गरम हाये," सिंधूताई म्हणाल्या. "थंडी होईस्तवर वर चला. जेवण तयार आहे." आणि मागं न पाहता त्या जिना चढू लागल्या.

दुर्गेशनं टाकीवर हात ठेवला. "ही तर थंडीगार आहे..." तो हळूच म्हणाला.

"नाही," हिमानी म्हणाली. "गरम आहे."