आठव्या माशाची लांबी

हे घडलेलं आहे. दुसऱ्या कोणाचं ऐकून सांगत नाही, माझ्याच बाबतीत घडलंय. मी लिहिणारा माणूस नाही, बर्लिनमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. पण चार महिने मनात ठेवून बघितलं. जमत नाही.

तारीख १६ नोव्हेंबर २०२४. शनिवार. रात्र नव्हती. दुपारचे पावणेचार. जागा, बर्लिनच्या उत्तरेला तासाभरावरचं एक तळं. नाव देत नाही. उन्हाळ्यात तिथे लोक पोहायला येतात.

त्याआधीचं थोडं सांगावं लागेल.

माझी बायको विभावरी माशांवर संशोधन करायची. पुण्याहून पीएचडीला आली आणि इथेच राहिली. तिचा मासा हेश्ट. लांब चपटं तोंड, आत दातच दात. अमेरिकेत याचा मोठा भाऊ आहे, मस्की म्हणतात. तळ्यात हेश्ट किती उरलेत, किती वाढतात, हे ती दर वर्षी बघायची. गळाने पकडायचा, ओल्या मोजपाटीवर ठेवून लांबी घ्यायची, पाठीला नंबरचा पिवळा टॅग लावायचा आणि सोडून द्यायचा.

शनिवारी मी तिचा लेखनिक. ती आकडा म्हणायची, मी तो मोठ्याने परत म्हणून लिहायचो. मराठीतच.

आकडा परत ऐकल्याशिवाय ती मासा सोडायची नाही. कितीही तडफडला तरी. माझं लक्ष नसलं की म्हणायची, "अहो लेखनिक, झोपलात का? हा बिचारा ताटकळलाय."

आमच्या अन्वीची उंचीही अशीच मोजली जायची. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकून तिने उभं राहायचं. विभावरी पेन्सिलने रेघ मारणार, आकडा म्हणणार. मी परत म्हणणार, मग रेघेशेजारी लिहिणार. तोवर अन्वीने हलायचं नाही.

"पोरीचा मासा केलाय तुम्ही दोघांनी," माझी आई फोनवर म्हणायची.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका शनिवारी मला ऑफिसचं काम निघालं. विभावरी म्हणाली, "मी फोनवर सांगते आकडे. पण नुसतं हं हं करू नका. आकडा म्हणा."

मी हो म्हणालो. मग मीटिंगमध्ये फोन सायलेंटवर टाकला.

तीन मिस्ड कॉल.

ती लाकडी धक्क्यावरून पाण्यात पडली. मार्चचं पाणी. फार वेळ लागत नाही, डॉक्टर म्हणाले. धक्क्यावर मोजपाटी सापडली आणि तिचा कागद. सात मासे लिहिलेले. आठव्याचा टॅग नंबर होता.

लांबीचा रकाना रिकामा.

नोव्हेंबरात क्रूगरांचा फोन आला. तिथल्या मासेमारी क्लबचे सत्तरीतले गृहस्थ. म्हणाले, "गणनेला माणसं कमी पडतात. तू आकडे लिहायचास. वाईट अक्षरात, पण लिहायचास."

मी गेलो.

क्रूगर होडी घेऊन पलीकडच्या काठाला गेले. मी त्याच धक्क्यावर एकटा. धुकं इतकं की धक्क्याचं टोक दिसत नव्हतं. थोड्या वेळाने लक्षात आलं, बदकांचा आवाज नाही. होडीचाही नाही. कसलाच नाही...

गळाला एक हेश्ट लागला. मी त्याला पाटीवर घेतलं, टॅग लावला, लांबी बघितली.

"अडुसष्ट," मी म्हणालो. सवयीने. मोठ्याने.

"अडुसष्ट..."

मी मासा सोडला.

तो पाण्यात शिरला, आणि मग मला कळलं.

आवाज धक्क्याच्या टोकाकडून आला होता. मी उभा राहिलो.

मग तोच आवाज. शांत. कामात असल्यासारखा.

"एकशे अठ्ठावन्न."

त्या तळ्यातला सर्वांत मोठा हेश्ट एकशे बारा सेंटिमीटर होता. एकशे अठ्ठावन्नचा मासा तिथे नाही.



"एकशे अठ्ठावन्न."

फळ्यांवर पाणी ठिबकत होतं. कोणीतरी ओलं उभं राहावं तसं...

"एकशे अठ्ठावन्न. अहो... झोपलात का?"

मी गाडीपर्यंत पळालो.

क्रूगर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "फोनवर कोण बाई होती तुझ्या? तुमच्या भाषेत बोलत होती."

"फोन गाडीत होता."

"बरं..." एवढंच म्हणून ते होडीचा दोर बांधत बसले. बांधून झाल्यावर म्हणाले, "तीनदा विचारलं तिने. तू उत्तर का नाही दिलंस?"

घरी आल्यावर मी कपाट उघडलं. विभावरीचं आउफएंटहाल्ट्सटिटेल, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं कार्ड, तिथेच होतं. ती गेल्यावर ते परत करायचं असतं. मी केलं नव्हतं. कार्डाच्या मागे उंची छापलेली असते.

१५८ सेंटिमीटर.

आता मी जे केलं ते सांगतो. चांगलं नाही.

पुढचे पाच शनिवार मी त्या धक्क्यावर गेलो. आकडा म्हणायला नाही. ऐकायला. प्रत्येक वेळी ती म्हणाली. तीनदा. मी तोंडावर हात दाबून बसलो. मी आकडा परत म्हटला असता तर ती सुटली असती, हे मला माहीत होतं.

म्हणूनच म्हटला नाही.

जानेवारीत तळं गोठलं. आवाज थांबला. मला वाटलं संपलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, मी चहा करायला उठलो. अन्वी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाठ चौकटीला, टाचा जुळवलेल्या, डोळे मिटलेले. अकरा वर्षांची पोर. ओठ निळे पडलेले.

डोक्याच्या वर, चौकटीवर पेन्सिलची ताजी रेघ. शेजारी आकडा नाही.

फरशीवर पाणी...

"काय करतेस गं?"

ती जर्मनमध्येच बोलते. तशीच बोलली, डोळे न उघडता. "आई मोजतेय."

"अन्वी, इकडे ये."

"हलता येत नाही." ती रडायला लागली, पण मान सरळ ठेवून. "बाबा, तू आकडा म्हण ना. ती सोडत नाहीये."

"कुठला आकडा?"

अन्वीने मराठीत आकडे कधी म्हटले नाहीत. येतच नाहीत तिला. तिने तोंड उघडलं.

"एकशे शेहेचाळीस."

"एकशे शेहेचाळीस," मी म्हणालो. ओरडलोच बहुधा.

अन्वी खाली बसली. अंग बर्फासारखं गार. मी तिला गोधडीत गुंडाळलं. ऊब आल्यावर तिने दूध मागितलं. दुपारी मी टेप लावून मोजलं. एकशे शेहेचाळीस. मी रेघेशेजारी आकडा लिहिला.

दोन आठवडे काही झालं नाही.

येत्या शनिवारी विभावरीला वर्ष होईल.

आज सकाळी चौकटीवर आणखी एक रेघ दिसली. अन्वीच्या रेघेच्या बारा सेंटिमीटर वर. शेजारी आकडा नाही. अन्वी आता त्या दारातून जात नाही. तिचा नाश्ता मी खोलीत नेऊन देतो. शाळेत जाताना ती म्हणाली, "म्हणून टाक ना, बाबा. आईला गार लागतंय."

तेव्हापासून मी दारात उभा आहे. पेन्सिल हातात आहे. आकडा माहीत आहे. तोंड उघडतो, आणि मग वाटतं, यानंतर तो आवाज कधीच येणार नाही.

अन्वी चार वाजता शाळेतून येईल.

फरशी अजून ओली आहे.