दोन खाचांची मेंढी

मेंढीचा कान धड होता! डेल्फीनानं चित्राला नाक लावून पुन्हा पाहिलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की तिचे बाबा मेंढरं घेऊन डोंगरावर जात, ते थेट सुट्टी संपताना, सप्टेंबरात परतत. आई नव्हतीच. मामाकडे पोटभर जेवण मिळे, पण मामेभावंडं नेल्लो आणि टीना खेळायला निघताना तिला विचारत नसत. मग ती रोज दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत, शंभर वर्षांपूर्वीच्या तैलचित्रासमोर जाऊन बसे. त्यात एक गाढव होतं, दोन बैल होते आणि सात मेंढ्या. पुढच्या मेंढीच्या डाव्या कानाला दोन खाचा. गावात शेळ्या-मेंढरांच्या कानाला दर घराची खूण वेगळी, आणि दोन खाचा म्हणजे डेल्फीनाचं घर. सुट्टीभर तिच्या घरचं तेवढंच एक माणूस तिच्याजवळ असे.

चित्र साफ करायला आलेल्या शहरी चित्रकारानं ते कालच परत टांगलं होतं, आणि आज खाचा नव्हत्या. तिनं नेल्लो आणि टीनाला ओढत आणून दाखवलं.

"घासताना पुसल्या असतील," नेल्लो म्हणाला.

"घासून रंग जातो. कापलेला कान भरून येतो होय?" डेल्फीनानं विचारलं.

टीनाला ते पटलं. म्हणजे हे चित्रच दुसरं होतं. तिघं पाद्रीबाबांकडे धावली, पण जेवून आडवे झालेल्या पाद्रीबाबांनी, एवढ्या सज्जन माणसावर आळ घेता म्हणून त्यांनाच झापलं. चित्रकार तर चारच्या बसनं निघणार होता. मग नेल्लोनं सरळ मामाच्या गोठ्याचं फाटक उघडलं, आणि चाळीस शेळ्यांनी बस अडवली. आरडाओरडा ऐकून पाद्रीबाबांसकट सारं गाव जमलं.

चित्रकाराच्या हातात पत्र्याची लांब नळी होती. आत आपण केलेली नक्कल आहे, असं तो म्हणाला.

"काका, तुमच्या नकलेत पुढच्या मेंढीचा कान कसा आहे?" डेल्फीनानं हळूच विचारलं.

"धड आहे. मूळ चित्रात तिथला रंग उडालाय, नकलेत मी तो नीट केला."

पाद्रीबाबांनी नळी उघडायला लावली. आतल्या मेंढीच्या कानाला दोन खाचा होत्या.

"रंग कसला उडतोय," बसचा ड्रायव्हर म्हणाला, "ती खूण आहे. आमच्याकडे अंगावर पिणारं पोरही सांगेल."

चित्रकाराला पोलिसांनी नेलं. पाद्रीबाबांनी भर गावात डेल्फीनाची पाठ थोपटली आणि एवढं बारीक कसं दिसलं, ते विचारलं.

"मी रोज बघते."

"रोज? एकटीच?"

तिनं मान डोलावली. नेल्लो खाली बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, तर चित्रासमोर तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. दोन भरलेल्या होत्या.

"ये," नेल्लो म्हणाला. "यातली आमच्या घरची कुठली, ती दाखव."