तिसरं जहाज

“नवखा प्रवासी लांबूनही ओळखू येतो!” ल्यूडरने धक्क्यावरच्या बाकावर चढून जाहीर केलं. “पहिल्या दिवशी तो पडदा उघडा ठेवून कपडे बदलतो. मग त्याला कळतं, की शेजारी दुसरं जहाज येऊन लागलंय आणि समोरच्या खिडकीत एक आजीबाई चहा पितायत!”

वेंझल कानापर्यंत लाल झाला. काल हे त्याच्याच बाबतीत घडलं होतं.

“उतर खाली!” थेक्ला म्हणाली. “चौथी सफर आहे म्हणून एवढा मिरवू नकोस.”

“मिरवत नाही, शिकवतोय. दुसरा धडा ऐका. नदीवरच्या जहाजाला स्वतःची अशी जागा नसते. धक्का एकच, म्हणून जहाजं एकमेकांना खेटून बांधतात. बाहेरच्या जहाजावरच्या लोकांनी आतल्या जहाजांमधून चालत काठावर यायचं. सकाळी जिथे सोडलं, तिथे दुपारी—”

“पुरे रे बाबा!”

ल्यूडर ब्रेमेनचा, तेरा वर्षांचा. ऑक्टोबरच्या सुट्टीत त्याची आजी त्याला दर वर्षी कुठल्या ना कुठल्या नदीवर न्यायची. थेक्ला बारा वर्षांची आणि तिचा भाऊ वेंझल दहाचा. ही दोघं स्टायरहून आजोबांबरोबर आली होती. ‘थाया’ नावाच्या जहाजावर शंभराच्या वर प्रवासी होते आणि त्यांत मुलं ही तीनच, त्यामुळे पहिल्या संध्याकाळीच त्यांची गट्टी जमली.

आजोबा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. अंगात काळं जाकीट, त्याला पितळी बटणांच्या दोन रांगा. चाळीस वर्षं त्यांनी याच जाकिटात स्टायरमधली धुराडी साफ केली होती. आता त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. फक्त उजेड आणि सावली तेवढी कळायची, आणि वसंतापर्यंत तेही जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. “मग उजेड आहे तोवर डॅन्यूबचं पाणी बघून घेतो,” असं म्हणून त्यांनी ही सफर ठरवली. आयुष्यातली पहिलीच.

कुणी हात धरलेला त्यांना खपत नसे. धुराड्यात कुठे दिवा असतो? तिथे भिंतीतल्या लोखंडी कड्या मोजत चढायचं आणि मोजत उतरायचं. जहाजावरही ते तसेच वावरत. खोलीपासून जेवणघर बावीस पावलं. धक्क्यापासून आपलं जहाज तिसरं.

“आजोबा, चला ना,” थेक्ला म्हणाली. “दोन वाजता जहाज सुटणार. आम्हाला वरच्या डेकवर बुद्धिबळ खेळायचंय.”

“तुम्ही व्हा पुढे. मी जरा पाण्याचा आवाज ऐकतो. क्रेम्सला पुन्हा कधी येतोय मी!”

“पण तुम्ही एकटे...”

“एकटा? अगं, नव्वद फुटी धुराड्यांतून एकटाच उतरलोय. दोन जहाजं ओलांडायची, तिसरं आपलं. सकाळी मोजलंय मी.”

“कप्तान तुमच्यासाठी थांबणार नाही हं!”

“माझं कार्ड लागलं नाही तर थांबावंच लागेल त्याला,” आजोबा हसले.

ते खरंच होतं. जहाजाच्या दारापाशी एक फळा होता, त्यावर आकड्यांचे हुक. काठावर जाताना आपलं कार्ड काढून न्यायचं आणि परत आल्यावर लावायचं. हुक रिकामा म्हणजे माणूस काठावर. सगळे हुक भरल्याशिवाय जहाज सुटत नाही.

तेवढ्यात थेक्लाच्या मनात आलं, की गर्दीत आजोबांना तो फळा चाचपडत बसावं लागतं. काल मागच्या बाईंनी वैतागून सुस्कारा टाकलेला तिने ऐकला होता.

“तुमचं कार्ड द्या माझ्याकडे,” ती म्हणाली. “मी लावून ठेवते, म्हणजे तुम्हाला ताटकळायला नको.”

आजोबांनी खिशातून सत्तावीस नंबरचं कार्ड काढून तिला दिलं. “गुणाची गं माझी!”

ल्यूडर काहीतरी म्हणणार होता, पण वेंझल पळत सुटला आणि मग तिघंही पळाले.

फळ्यापाशी मॅनेजर प्रोखास्का साहेब उभे होते. थेक्लाने आपलं कार्ड लावलं, मग आजोबांचं.

“वा! आजोबांचंही तूच लावतेस? शाबास,” ते म्हणाले आणि हातातल्या यादीत पुन्हा डोकं घातलं.

* * *

तीन वाजता कॉफीची घंटा झाली. वेंझल सलग दोन डाव हरला होता आणि तिसरा डाव सोंगट्यांनी नाही, नाण्यांनी खेळू या असं म्हणत होता.

जेवणघरात आजोबांची खुर्ची रिकामी होती.

“झोपले असतील,” वेंझल म्हणाला.

“केकच्या वेळेला? आजोबा?”

थेक्लाच उठून गेली. खोलीतली चादर सकाळी जशी घातली होती तशीच होती. काठी नव्हती, जाकीट नव्हतं. तिने न्हाणीघर बघितलं, दिवाणखाना बघितला, वाचनाची खोली बघितली. मग ती धावतच प्रोखास्का साहेबांकडे गेली. तिच्यामागे बाकीचे दोघेही आले.

“आजोबा सापडत नाहीत!”

प्रोखास्का साहेबांनी मानही न वळवता फळ्याकडे बोट केलं. “सत्तावीस. कार्ड आहे म्हणजे माणूस आहे. एकशे दहा मीटरचं जहाज आहे, बाळ. असतील कुठेतरी.”

“त्यांना दिसत नाही हो!”

“पण ते फारच छान वावरतात. मी बघितलंय ना.”

तिघंही जिन्याखाली येऊन उभी राहिली.

“कार्ड आहे तर माणूस हवाच,” ल्यूडर पुटपुटला. मग तो हळूच तिच्याकडे बघू लागला. “थेक्ला, कार्ड तू लावलंस.”



“म्हणजे आजोबा क्रेम्सलाच राहिले?” वेंझलने विचारलं.

“नाही,” ल्यूडर म्हणाला. “आपण निघालो तेव्हा मी वरून बघत होतो. बाक रिकामा होता. धक्क्यावर कुणीही नव्हतं.”

“मग गेले कुठे?”

“वेंझल, नीट आठव,” थेक्ला एकदम म्हणाली. “परत येताना आपण किती जहाजांमधून आलो? मी पळत होते, माझं लक्षच नव्हतं.”

वेंझलने डोळे मिटले. प्रत्येक जहाजाच्या दारात हात धुवायच्या औषधाची बाटली लावलेली असायची आणि प्रत्येक बाटली दाबल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. त्यावरून त्याने काल बोलणीही खाल्ली होती.

“दोनदा!” तो ओरडला. “काल आपलं जहाज तिसरं होतं, तेव्हा परत येताना मी तीनदा हात धुतले. आज दोनदाच! शप्पथ!”

“म्हणजे मधे एकच जहाज होतं,” ल्यूडर म्हणाला. “धक्क्याला लागलेलं सकाळचं जहाज निघून गेलं असणार. मग बाकीची आत सरकली आणि आपण दुसरे झालो. आणि आपल्या बाहेरच्या अंगाला...”

“‘एर्लाउफ’!” थेक्ला म्हणाली. निघताना तिने ते नाव वाचलं होतं. आपल्याच कंपनीचं जहाज होतं ते. तेच निळे गालिचे, तसाच जिना, तसाच दिवाणखाना. आधी ते सुटलं, मग ‘थाया’. ते प्रवाहाच्या उलट वर गेलं आणि ‘थाया’ खाली.

आजोबांनी अगदी बरोबर मोजलं होतं. त्यांनी दोन जहाजं ओलांडली आणि तिसऱ्यात शिरले.

“बसले असतील शांतपणे एखाद्या कोपऱ्यात,” वेंझल आशेने म्हणाला.

थेक्लाने मान हलवली. आजोबांना ती ओळखत होती. आपण चुकलोय हे कळल्यावर ते कुणालाही त्रास देणार नाहीत. ते उठतील आणि आलो तसे पावलं मोजत परत निघतील. आत येताना ज्या दारातून ते आले, त्या दाराबाहेर ‘थाया’ होती. आता तिथे नदी होती.

तिला पळून जाऊन खोलीत दडावंसं वाटत होतं. पण ती वळली आणि सरळ प्रोखास्का साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

“आजोबांचं कार्ड मी लावलं होतं. ते जहाजावर आलेच नाहीत. चूक माझी आहे.”

प्रोखास्का साहेबांचा हात हवेतच थांबला. “तू?... हो, हो.” आपण शाबासकी दिलेली त्यांना आठवली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. “हे बघ, आत्ता आरडाओरडा नको, प्रवासी घाबरतील. पुढच्या थांब्याला, तुल्नला, पोचलो की मी स्वतः चौकशी करतो.”

“तुल्नला जायला अजून तास आहे! कप्तानांना आत्ता सांगा ना! ते ‘एर्लाउफ’ला वायरलेसवर विचारतील!”

“कप्तान लॉकमध्ये शिरतायत. त्यांच्याकडे जायला प्रवाशांना बंदी आहे. जा, केक खा.”

फोन वाजला आणि त्यांनी पाठ फिरवली.

“स्वतःची चूक झाकतायत!” ल्यूडर दातओठ खात म्हणाला.

थेक्ला फळ्याकडे बघत होती. सत्तावीस नंबरचं कार्ड हुकावर लटकत होतं आणि सगळ्या जहाजाला खोटं सांगत होतं. तिने हात वर करून ते काढलं. आता हुक रिकामा झाला.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली. “चला वर!”

* * *

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला काँक्रीटचा लांबलचक हौद. जहाज त्यात शिरलं, की पाणी सोडून त्याला धरणाच्या खालच्या पातळीवर उतरवतात. ‘थाया’ आत सरकत होती आणि दोन्ही अंगांना भिंत जेमतेम हातभर दूर होती. कप्तान सिल्व्हेस्टर आपली खोली सोडून डेकच्या कडेला आले होते. तिथल्या जहाज चालवायच्या छोट्या यंत्रावर हात ठेवून ते भिंतीवर नजर रोखून उभे होते.

“मला माहीतच होतं!” ल्यूडर कुजबुजला. “लॉकमध्ये कप्तान नेहमी कडेला येतो. समोर आडवा ताणलेला हा दोर ओलांडायला बंदी आहे. हाक मारायला नाही!”

थेक्लाने श्वास भरून घेतला, तोच ल्यूडरने तिचं मनगट धरलं.

“आत्ता नको! त्यांचं लक्ष उडालं तर जहाज भिंतीवर घासेल. जहाज दोराने भिंतीला बांधू दे आधी.”

ती थांबली. जहाज बोटाबोटाने पुढे सरकत होतं. आजोबा या क्षणी उठले असतील का? एक, दोन, तीन... ती मनातल्या मनात त्यांची पावलं मोजू लागली आणि बावीसला पोचली तरी जहाज थांबलं नव्हतं. तिने कार्ड इतकं घट्ट धरलं होतं, की त्याची कडा तळव्यात रुतली.

शेवटी खलाशाने दोर खुंटाला अडकवला.

“कप्तान!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. “एक माणूस कमी आहे! हुक रिकामा आहे!”

कप्तान गर्रकन वळले. तिने कार्ड डोक्यावर धरलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कार्ड, बाक, वेंझलच्या बाटल्या, तिसरं जहाज. “मीच लावलं ते,” असं तिने शेवटी पुन्हा सांगितलं.

कप्तानांनी एकच प्रश्न विचारला. “ते मोजत चालतात?”

“हो.”

ते वायरलेसकडे धावलेच. “‘एर्लाउफ’, ‘एर्लाउफ’! इथे ‘थाया’. तुमची बाजूची दारं तपासा. आत्ता, ताबडतोब! अंध वृद्ध गृहस्थ, काळं जाकीट, पितळी बटणं!”

मग नुसती खरखर. पाणी उतरत होतं आणि ओल्या भिंती वर वर जात होत्या. वेंझलने बहिणीचा हात धरला.

“‘थाया’, इथे ‘एर्लाउफ’,” वायरलेस बोलला. “सापडले. सुखरूप आहेत.” पलीकडचा माणूस पुढे म्हणाला, “ते डाव्या दारापाशी उभे होते. दारातल्या आडव्या दांडीची कडी त्यांनी काढली होती. खलाशाने मागून धरलं. ते म्हणाले, माझं जहाज इथेच शेजारी आहे, एकच पाऊल.”

थेक्ला ओक्साबोक्शी रडू लागली.

* * *

‘एर्लाउफ’ने आजोबांना स्पिट्झच्या धक्क्यावर उतरवलं. तिथून मोटार तुल्नला आली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. कप्तान सिल्व्हेस्टर टोपी काढून काठावर उभे होते. प्रोखास्का साहेब त्यांच्यामागे होते. कप्तानांशी बंद दाराआड अर्धा तास बोलून ते आले होते.

“माफ करा,” प्रोखास्का साहेबांनी आजोबांचा हात हातात घेतला. “कार्डाकडे बघत बसलो, माणसाकडे बघायचं राहिलं.”

कप्तानांनी तिन्ही मुलांशी हस्तांदोलन केलं. वेंझलला ते म्हणाले, “बाटल्या दाबत राहा!” ल्यूडरला म्हणाले, “दोर बांधेपर्यंत थांबायचं, हे माझ्या नव्या खलाशांनाही सुचत नाही.” थेक्लाशी बोलायला ते खाली वाकले. “चूक झाल्यावर ती सांगायला तुझ्याएवढं धैर्य लागतं, मुली. त्यानेच माणूस वाचला.”

मग त्यांनी आजोबांना विचारलं, “हात लावू का?” आणि त्यांच्या जाकिटाच्या एका पितळी बटणाला बोट टेकवलं. धुराडं साफ करणारा भेटला, की तिथली लहानथोर माणसं नशिबासाठी असंच करतात.

थेक्ला आजोबांसमोर आली.

“आजोबा, मी... तुमचं कार्ड...”

“दिलं मीच ना?” आजोबांनी चाचपडत तिचं डोकं शोधलं. त्यांचा हात थंडगार होता. “मी घाबरलो होतो, थेक्ला. चाळीस वर्षांत कधी मोजायला चुकलो नाही. आजही चुकलो नव्हतो. तरी पुढचं पाऊल कुठे पडलं असतं, ते आता कळलं.”

मग त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात तिच्यापुढे धरला. कुणी हात धरलेला त्यांना खपत नसे, हे तिला माहीत होतं. तिने तो दोन्ही हातांत घेतला.

“किती जहाजं ओलांडायची?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही. आपलंच पहिलं आहे.”

दारात पोचल्यावर तिने सत्तावीस नंबरचं कार्ड त्यांच्या तळव्यावर ठेवलं. आजोबांनी फळ्यावर बोटं टेकवली आणि वरच्या रांगेपासून एकेक हुक मोजायला सुरुवात केली. मागे बरीच गर्दी जमली होती. कुणीही सुस्कारा टाकला नाही. सत्ताविसाव्या हुकावर त्यांची बोटं थांबली, आणि त्यांनी आपलं कार्ड स्वतःच्या हाताने लावलं.